हक्कसोड कुणाच्या नावे?

ताई, स. न. वि. वि.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. वय ४४. माझ्या सासऱ्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो. निवृत्त मुख्याध्यापक, पतसंस्थेचे चेअरमन, व्याख्यानमालेचे अध्यक्ष. कुणाच्या घरात भांडण झालं तर मिटवायला अण्णांनाच बोलावतात.

अडीच वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर मोटरसायकलच्या अपघातात गेले. जाऊ ३३ वर्षांची, तिला सात वर्षांची मुलगी. दहाव्याला भावकीतल्या बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. अण्णा सोप्यात बसून होते, काही बोलले नाहीत.

गेल्या वर्षी ६ मेला, शाहू महाराजांच्या स्मृतिदिनी, अण्णा विधवा प्रथेवर तासभर बोलले. चार विधवा भगिनींना हळदीकुंकू लावून, साडी-चोळी देऊन सत्कार केला. लोकांनी डोळे पुसले, पेपरात फोटो आला. धाकटी त्या वेळी घरी पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला आतल्या खोलीत थांबवलं जातं.

आता अण्णा म्हणतात, तिच्याकडून हक्कसोड करून घेऊ. माझे मिस्टर आणि धाकटे दीर या दोघांच्या नावावर मिळून तीन एकर ऊस आहे. वारस नोंद अजून झालेली नाही. ‘पोरगी तरुण आहे, उद्या दुसरं लग्न केलं तर जमीन परक्याच्या घरात जाईल. नातीच्या लग्नाचं मी बघतो,’ असं त्यांचं म्हणणं. सासूबाई गप्प असतात. मिस्टर म्हणतात, अण्णांच्या इज्जतीचा प्रश्न आहे, तू मध्ये पडू नकोस.

या ६ मेला अण्णांना समाजसेवेचा पुरस्कार मिळणार आहे. भर सभेत उठून सगळं सांगावं असं वाटतं. पण मेअखेरीस माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. सोयरिक मोडली तर? बोलू की गप्प बसू?

— एक थोरली जाऊ

* * *

नमस्कार.

सभेचं नंतर बघू. आधी ती सही थांबवा.

हक्कसोडपत्र एकदा नोंदणी कचेरीत जाऊन पक्कं झालं की ते फिरवायला दिवाणी कोर्टात वर्षं घालवावी लागतात, आणि तोवर वकिलाची फी भरायला धाकटीच्या हातात पैसा असणार नाही. भाषणं पुढच्या वर्षीही होतील, पुरस्कारही होतील. कागदाचं तसं नाही. म्हणून आज, हे वाचून झाल्यावर, तिला एवढं सांगा: ‘कुठल्याही कागदावर सही करू नकोस, अंगठाही देऊ नकोस, कोऱ्या स्टॅम्पवर तर मुळीच नाही. तलाठ्याकडे जायचं असेल तर मी सोबत येते.’

तुम्ही लिहिलेल्यावरून हिशेब मांडते. तीन एकरांत दिरांचा निम्मा हिस्सा म्हणजे दीड एकर, साठ गुंठे. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांचे पहिल्या वर्गातले वारस तीन: बायको, मुलगी आणि आई. तिघींना सारखा वाटा, प्रत्येकीला वीस गुंठे. वडील पहिल्या वर्गात येतच नाहीत. बायको, मुलं, आई यांच्यापैकी कुणी असेपर्यंत वडिलांना वारस म्हणून काही मिळत नाही. म्हणजे हक्क सोडायला सांगणाऱ्या अण्णांचा त्या साठ गुंठ्यांत वारसाहक्क नाही, आणि ज्यांचा आहे त्या तिघींना कुणी विचारलेलं नाही. तुमच्या सासूबाईंनाही नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब थोडा बदलतो, तो वकील कागद बघून सांगेल. पण धाकटी आणि तिची मुलगी त्यातून बाहेर पडतात असा हिशेब कुठेही निघत नाही.

मुलगी सात वर्षांची आहे. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या मिळकतीचा असा व्यवहार करायला आईलासुद्धा कोर्टाची परवानगी लागते. ती न घेता केलेला कागद मुलगी पुढे रद्द करून मागू शकते. ‘नातीच्या लग्नाचं मी बघतो’ या शब्दाच्या बदल्यात त्या पोरीचे वीस गुंठे आज जाणार आहेत. आणि शब्द देणाऱ्याचं वय तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या लग्नाची भीती घालतात त्याबद्दलही सांगते, कारण ही समजूत घरोघरी आहे. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्यानं विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण त्याच कायद्यात अट होती की पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडायचं. शंभर वर्षं ती अट चालली आणि लोकांच्या डोक्यात ती अजून तशीच आहे. १९५६ नंतर तसं राहिलेलं नाही. नवरा गेला त्या दिवशी जो वाटा तिचा झाला, तो पुढे तिनं लग्न केलं, नाही केलं, माहेरी गेली, पुण्याला नोकरीला गेली, तरी तिचाच. तिनं लग्न करावं की नाही हा तर सर्वस्वी तिचा प्रश्न आहे.

आता एक गोष्ट विचारते, आणि ती तुम्हाला लागेल. हक्कसोड कुणाच्या लाभात होणार आहे?

सामाईक जमिनीत एक हिस्सेदार हक्क सोडतो तेव्हा तो उरलेल्यांच्या पदरात पडतो. इथे उरलेले म्हणजे सासूबाई आणि तुमचे मिस्टर. सासूबाईंचंही वय झालं. पाच-दहा वर्षांत ते साठ गुंठे कुणाच्या सातबाऱ्यावर असतील? तुमच्या घराच्या. तुमच्या पत्रात अण्णांचं भाषण आहे, पेपरातला फोटो आहे, पुरस्कार आहे, पण हे एक वाक्य नाही. तुम्ही मुद्दाम लपवलंत असं मी म्हणत नाही. मनाशीही आलं नसेल. घरात जे आपोआप आपल्याकडे सरकत येतं, ते येताना दिसत नाही, हे मला ठाऊक आहे.

‘हळदीकुंकवाला तिला आतल्या खोलीत थांबवलं जातं.’ कोण थांबवतं? संक्रांतीचं हळदीकुंकू घरच्या थोरल्या सुनेचं असतं. बोलावणी तुम्ही करता, वाण तुम्ही लुटता. अण्णा त्या दिवशी बहुधा घरातही नसतात.

माझी एक मावशी होती. अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाली. माझी सातवी ते दहावी तिच्याच घरी झाली. पहाटे उठून ती मला पाढे म्हणायला लावायची. माझ्या लग्नाचे लाडू तिनं वळले, माझी बॅग तिनं भरली. लग्नानंतर अकरा वर्षांनी माझ्या मुलानं अल्बम बघताना विचारलं, ‘मावशीआजी कुठाय?’ एकाही फोटोत ती नव्हती. ती दिवसभर कार्यालयाच्या कोठीघरात होती. मी तेव्हा तेवीस वर्षांची, पदवीधर, आणि माझ्याच लग्नाच्या मांडवात ती नाही हे मला जाणवलंसुद्धा नव्हतं. मी तिच्याकडे गेले, माफी मागितली. ती म्हणाली, ‘तू एकदा जरी हाक मारली असतीस तर आले असते गं.’ मी हे तुम्हाला शिक्षा म्हणून सांगत नाही. तुमच्याकडे हाक मारायला अजून वेळ आहे, म्हणून सांगते.

तेव्हा पहिलं काम घरातलं आहे आणि ते तुमच्या नवऱ्याशी आहे. अण्णांच्या इज्जतीचा प्रश्न आहे, असं ते म्हणतात. त्यांना शांतपणे सांगा, ‘इज्जत अण्णांची असेल, पण जमीन तुमच्या नावावर येणार आहे. मला ती नको. माझ्या पोरांना चुलत बहिणीच्या वाट्याचा ऊस नको.’ हक्कसोड ज्याच्या लाभात व्हायची तोच ‘मला नको’ म्हणाला तर हा विषय त्या संध्याकाळीच संपतो. भर सभेत तुम्ही कितीही बोललात तरी तेवढं साधणार नाही. मिस्टर मानले नाहीत तर तुम्हाला निदान कळेल की भांडण सासऱ्यांशी नाही, आपल्याच खोलीत आहे.

आता अण्णांबद्दल.

तुमच्यासारखा राग मलाही येतो. तालुक्याच्या गावात मोठ्या माणसाचं मोठेपण कसं टिकतं ते मी जवळून पाहिलं आहे. पतसंस्थेच्या कर्जाला त्यांची शिफारस लागते, शाळेतल्या प्रवेशाला त्यांचा शब्द लागतो, सोयरिकीत दोन्हीकडचे त्यांनाच विचारतात. त्यामुळे तोंडावर कुणी बोलत नाही, आणि वर्षानुवर्षं कुणी बोललं नाही की माणसाला खरंच वाटू लागतं की आपण भाषणात सांगतो तसेच आहोत. त्या चार भगिनींना साडी देताना अण्णांचे डोळे भरून आले असतील तर ते खोटे नसावेत. परक्याच्या घरातलं दुःख पाहून रडणं सोपं असतं. त्यात आपलं काही जात नाही.

पण भित्रा माणूस आणि लबाड माणूस यांत फरक करायला हवा, कारण दोघांशी वागण्याची रीत वेगळी. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं की हा माणूस विधवेशीच लग्न करील. वडिलांनी हट्ट धरला आणि एकतीस वर्षांच्या रानड्यांनी देवराष्ट्र्याच्या अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी नावं ठेवली, आणि ती योग्यच होती. पण त्यानंतर त्यांनी काय केलं? त्या मुलीला रोज शिकवायला बसले. घरातल्या बायका तिला इंग्रजी शिकते म्हणून टोचत असताना शिकवणं सोडलं नाही. त्याच रमाबाईंनी पुढे, १९०९ साली, पुण्यात सेवासदन उभं केलं आणि कितीतरी विधवांना स्वतःच्या पायावर उभं राहता आलं. रानडे वडिलांपुढे कमी पडले, पण त्या मुलीच्या पदरातलं काही त्यांनी काढून घेतलं नाही.

दहाव्याला सोप्यात गप्प बसलेले अण्णा मला भावकीला घाबरलेले वाटतात. मुलगा गेलेला बाप होता तो, त्या दिवशी त्यांच्याकडून फार अपेक्षा मी करणार नाही. हक्कसोडीचं बोलणारे अण्णा मात्र घाबरलेले नाहीत. तिथे त्यांना लोकांचा धाक नाही, जमिनीचा लोभ आहे, भले तो थोरल्या मुलासाठी असो. पहिल्या अण्णांना थोडा आधार दिला तर ते बदलतील. दुसऱ्या अण्णांना कागदानंच अडवावं लागेल.

त्यांच्या भाषणाचा विषय शाहू महाराज होता ना? मग ही गोष्ट त्यांना नक्की ठाऊक असेल. महाराजांचे धाकटे चिरंजीव राजकुमार शिवाजी १९१८ साली शिकारीच्या वेळी अपघातात गेले. सूनबाई इंदुमतीदेवी तेव्हा अजून लहान मुलगीच होत्या. महाराजांनी सुनेला आतल्या खोलीत बसवलं नाही. राजवाड्यातल्या माणसांचा विरोध असताना सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. संस्थानासाठी एक नियम आणि वाड्यासाठी दुसरा, असं त्यांनी केलं नाही. तरुण मुलगा गमावलेला सासरा आणि मागे राहिलेली सून, अगदी अण्णांच्या घरातली गोष्ट.

आणि लांबचं कशाला, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आहे. महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, ४ मे २०२२ ला, तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असं करा म्हणून परिपत्रक काढलं. मोठं काम होतं ते. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे, तो मोडला म्हणून कुणाला दंड होत नाही. तो पाळला जातो की नाही हे दहाव्याच्या दिवशी घरातली थोरली माणसं काय करतात यावर ठरतं.

म्हणून माझं म्हणणं असं की सभेत उठू नका. तुमच्या मुलीची सोयरिक हे त्याचं कारण नाही. कारण असं की सभेत तुम्ही जे सांगाल ते आयुष्य धाकटीचं आहे. तिच्या बांगड्या, तिची खोली, तिची जमीन. दुसऱ्या दिवशी अख्खा बाजार तिच्याकडे बघेल, तुमच्याकडे नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात अण्णा बोलतात, मिस्टर बोलतात, तुम्ही बोलता. धाकटी एकदाही बोलत नाही. तिला हळदीकुंकवाला बाहेर यायचं आहे का, कुंकू लावायचं आहे का, की त्या सगळ्याचा आता कंटाळा आलाय, शेत तिला स्वतः कसायचं आहे की वाट्यानं द्यायचं आहे, हे आपल्या दोघींनाही माहीत नाही. तिनं स्वतः ठरवलं की सभेत उठायचं, तर तिच्या शेजारी उभ्या राहा. तिच्या वतीनं परस्पर उठू नका.

साखरपुड्याचं मात्र तुमच्या हातात आहे. मुलगी तुमची, कार्य तुमचं. धाकटीची तयारी असेल तर मुलीची ओटी तिच्या काकीला भरू द्या. लपूनछपून नाही, आणि ऐन वेळी धक्का देऊनही नाही. आधी लेकीला विचारा. मला वाटतं, ती तुमच्याआधी हो म्हणेल. मग होणाऱ्या विहीणबाईंना तुम्ही स्वतः फोन करा आणि सरळ सांगा, ‘आमच्याकडे ओटी तिची काकी भरणार आहे. तिचे मिस्टर नाहीत. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं.’ सोयरिक मोडेल का? मोडू शकते, खोटा धीर मी देणार नाही. पण ज्या घराला ही ओटी चालत नाही त्या घरात तुमची लेक जन्म काढणार आहे, आणि तिच्या नशिबात काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. हे मेमध्ये कळलेलं बरं.

अण्णांशी बोलायचं ते ६ मेच्या आधी. एकटं गाठून, आदरानं. ‘ढोंग’ हा शब्द तोंडातून काढू नका. तो निघाला की ते पुढचं ऐकणार नाहीत आणि बोलणं तुमच्या उद्धटपणावर येऊन थांबेल. असं म्हणून बघा: ‘अण्णा, गेल्या वर्षीचं तुमचं भाषण मी ऐकलं. मला पटलं. म्हणून साखरपुड्याला ओटी धाकटी भरणार आहे आणि हक्कसोडीचा कागद होणार नाही. पुरस्कार घ्यायला जाल तेव्हा तिला पहिल्या रांगेत बसवू, तिची इच्छा असेल तर.’ त्यांना यातून मान वर करून बाहेर पडायची वाट मिळते. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस आहे, ती वाट त्यांनी घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

नाही घेतली तर थांबू नका. वारस नोंदीचा अर्ज धाकटी स्वतः करू शकते. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वारसांची नावं, सातबारा घेऊन तलाठ्याकडे जायचं. अर्ज दिल्याची पोच घ्यायची, विसरायची नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. समितीच्या पायऱ्या चढताना गावातलं कुणी बघेल याची धाकटीला भीती वाटेल, म्हणून पहिल्यांदा तुम्ही बरोबर जा. आणि ‘घराबाहेर काढू’ अशी धमकी आलीच, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार करता येते. वेळ येऊ नये, पण हे तिच्या कानावर असू द्या.

सासूबाईंना यात विसरू नका. त्यांचेही वीस गुंठे आहेत आणि मुलगाही त्यांचाच गेला आहे. त्या गप्प असतात, असं तुम्ही लिहिलंत. त्यांना कुणी कधी काही विचारलं असेल असं वाटत नाही. एखाद्या दुपारी, अण्णा पतसंस्थेत गेलेले असताना, त्यांच्याजवळ बसून हा हिशेब सांगा: तुम्हाला वीस, सुनेला वीस, नातीला वीस. मला वाटतं, त्या तुमच्या बाजूनं बोलतील.

आज रात्री भांडी आवरली की धाकटीला बाहेर ओट्यावर घेऊन बसा. हळदीकुंकवाचं जे झालं ते आधी स्वतःच्या तोंडानं कबूल करा, मग हे पत्र तिच्या हातात द्या. वाचून ती काय म्हणते ते मला कळवा, किंवा तिलाच लिहू द्या.